धुराच्या इतिहासातील निरभ्र दिवस

दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत दिवाळी सरली की एक विषय हटकून निघतो. रत्नागिरीहून किंवा सांगलीहून चार महिने राहावयास आलेली वडीलधारी माणसे खोकू लागतात, त्यांचे परतीचे आरक्षण अलीकडे ओढले जाते, शाळा बंद ठेवल्याचे निरोप येतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमांनाही ज्येष्ठांची उपस्थिती रोडावते. मग चर्चा सुरू होते ती दोषाची. कोणी मोटारींना बोल लावतो, कोणी पंजाबच्या शेतकऱ्यांना, कोणी फटाक्यांना, तर कोणी उड्डाणपुलांच्या न संपणाऱ्या बांधकामांना. आमच्या नोकरीचा बराच काळ याच शहरात गेल्यामुळे या चर्चेत आम्ही पुष्कळदा भाग घेतला आहे आणि प्रत्येक वेळी ती अनिर्णित राहिलेली पाहिली आहे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्हांस वाटले. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालेले सरकारी नोकर आहोत. यास्तव हवेचे रसायनशास्त्र सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु धुरालाही इतिहास आहे, आणि त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. धूर नेमका कोणाचा, हा वाद प्रत्येक मोठ्या शहरात झाला आणि तो वाद युक्तिवादाने क्वचितच सुटला. एखादे युद्ध, साथ किंवा संप आला, कुठले तरी जळण अकस्मात बंद पडले, आकाश निवळले, आणि मग लोकांच्या ध्यानात आले की काल डोक्यावर होते ते काय होते. असे निरभ्र दिवस इतिहासात थोडे आहेत आणि ते सारेच महाग पडलेले आहेत.

प्रथम वस्तीच्या आकाराचा विचार करू. हिवाळ्यात देशावर संध्याकाळच्या गाडीने प्रवास केलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिले असेल. गावावर, कौलांच्या थोडे वर, निळसर धुराचा एक सपाट पट्टा पसरलेला असतो आणि तो वर म्हणून जात नाही. सूर्य मावळला की जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड होते, आणि दिवसाची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. एरवी हवा वर वर जावी तशी थंड होत जाते. येथे क्रम उलटा होतो, आणि चुलींचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. पन्नास उंबऱ्यांच्या गावात सकाळी ऊन तापले की झाकण उडते आणि भोवतालच्या शिवारात धूर विरून जातो. खेड्यातील धुराचे खरे दुःख घराबाहेर नसून घरात असते. ते चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत असते. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचे शरीर सापडले. त्याची फुप्फुसे शेकोटीच्या धुराने काळवंडलेली होती. त्याच्या काळी त्या डोंगरांत शहर नावाची वस्तूच नव्हती.

शहरात मात्र दुसरी अडचण येते. वारा शहराच्या एका बाजूने आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. वाटेत प्रत्येक मोहल्ला त्यात आपला धूर मिसळतो. वस्तीची दाटी तीच ठेवून लोकसंख्या चौपट झाली, तर शहराची लांबी दुप्पट होते, आणि पलीकडच्या टोकाला पोहोचणाऱ्या हवेत धूरही ढोबळमानाने दुप्पट असतो. याचा अर्थ असा की शहर वाढताना प्रत्येक कुटुंबाने पूर्वीइतकेच जळण जाळले, कोणी काही वावगे केले नाही, तरी हवा बिघडत जाते. त्यात झाकण खाली आले की भर पडते. उन्हाळ्यातील दुपारी दिल्लीवरची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीच उंची काही शे मीटरांवर किंवा त्याहूनही खाली येते. तोच धूर, पण खोली लहान.

तथापि केवळ लोकसंख्येवरून हवेची परीक्षा करता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात डोनोरा नावाचे गाव आहे; १९४८ च्या सुमारास त्याची वस्ती अवघी १४,००० होती. नदीकाठच्या दरीत वसलेल्या या गावात जस्ताचा व पोलादाचा कारखाना होता. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस दरीवर वर सांगितलेले झाकण पाच दिवस बसून राहिले. २० माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर चंद्रपूर घ्यावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती ३ लाख २० हजार, म्हणजे मुंबईच्या एखाद्या उपनगराहूनही कमी. परंतु २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली, तीत चंद्रपूर चौथे होते. त्या शहराशेजारच्या औष्णिक केंद्राची वीज उर्वरित महाराष्ट्र वापरतो. मोठ्या शहराचा धूर कित्येकदा दुसऱ्याच लहान गावावर पसरलेला असतो. तो त्या शहराच्या नावे मांडला जात नाही एवढेच.

आता लंडनकडे वळू, कारण धुराचे इतके सलग दप्तर दुसऱ्या कोणत्याही शहराने ठेवलेले नाही. तेराव्या शतकात इंग्लंडात सरपणाची टंचाई भासू लागली आणि ईशान्य किनाऱ्यावरचा दगडी कोळसा जहाजांनी लंडनला येऊ लागला. समुद्रमार्गे येई म्हणून त्याला समुद्री कोळसा म्हणत. तो जाळीत मुख्यतः चुन्याच्या भट्ट्यांत आणि लोहारांच्या भात्यांत. १२५७ साली तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर नॉटिंगहॅम येथे मुक्कामाला असता कोळशाच्या धुराला त्रासून ते गाव सोडून गेली. १३०६ च्या सुमारास पहिल्या एडवर्डने लंडनमधील भट्टीवाल्यांना हा कोळसा जाळण्यास मनाई केली. हा हुकूम मोडणाऱ्या एकास देहान्त शासन झाले अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते, परंतु तिला भरवशाचा आधार नाही. हुकुमाचा परिणाम बेताचाच झाला. अशा हुकुमांचा परिणाम बेताचाच होतो, हे आमच्या खात्याबाहेरच्या वाचकांसही पटेल.

जे राजाला साधले नाही ते महामारीने केले. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूच्या वेळी लंडनची वस्ती सत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास असावी. तीतील निम्मी माणसे गेली असे मानतात. शेते ओस पडली, रानांना पुन्हा उसंत मिळाली, उरलेल्या माणसांना सरपण पुरेसे मिळू लागले, आणि पुढील कित्येक वर्षे कोळशाच्या धुराविषयीच्या तक्रारी कागदपत्रांतून जवळजवळ दिसेनाशा होतात. हे अनुमान कागदांवरून केलेले आहे, आणि कागदांचा मुकेपणा हा दुबळा पुरावा असतो. तक्रार करणारेच मेले असतील, असे कोणीही म्हणेल.

परंतु या बाबतीत कागदाला बर्फाची साक्ष मिळाली आहे. उंच पर्वतांवर दर वर्षी पडणारे हिम थरांवर थर साचत जाते आणि त्या त्या वर्षाच्या हवेतील कण त्यात बंदिस्त होतात. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील एका हिमनदीतून काढलेल्या बर्फाच्या स्तंभाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत युरोपच्या हवेत शिसे सदैव होते. ते खाणी व धातूंच्या भट्ट्यांतून येई. केवळ १३४९ ते १३५३ या चार-पाच वर्षांत ते जवळजवळ शून्यावर आले. खाणीत उतरावयास आणि भट्टी पेटवावयास माणूसच उरला नव्हता. ग्रीनलंडच्या बर्फावरील २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आणखी मागे जाते. रोमन साम्राज्याच्या भरभराटीत चांदी गाळण्यासाठी भट्ट्या धडधडत होत्या तेव्हा ग्रीनलंडपर्यंत शिसे उडत गेले, इ. स. १६५ पासून त्या साम्राज्यात मोठी साथ पसरली आणि शिशाची रेषा खाली कोसळली. यंत्रयुगापूर्वीची हवा निर्मळ होती अशी एक गोड समजूत आपण सारे बाळगून असतो. या दोन अभ्यासांनी ती निकालात काढली, आणि ज्या वर्षी हवा खरोखर निर्मळ होती त्या वर्षी युरोप प्रेते पुरीत होता हेही दाखविले.

पुढे लंडन वाढत गेले. १६०० साली सुमारे दोन लाख, १७०० साली पाच लाखांवर. या वाढीच्या मध्यावर जॉन एव्हलिन हा गृहस्थ आपल्याला भेटतो. हा बागांचा शोकी जमीनदार, रॉयल सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १६६१ साली त्याने ‘फ्युमिफ्युजियम’ नावाची पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स यास अर्पण केली. मद्यभट्ट्या, रंगारी, चुनाभट्ट्या आणि साबणवाले यांचा धूर लंडनची हवा नासवितो, त्यांना शहराच्या पूर्वेस काही मैल दूर हलवावे आणि शहराभोवती सुगंधी झुडपांच्या बागा लावाव्या, अशी त्याची योजना होती. घरगुती चुलींना तो फारसा दोष देत नाही. स्वतः घरंदाज असल्यामुळे त्याला तसे वाटले की खरोखरच निरीक्षणावरून, हे सांगणे कठीण.

या पुस्तिकेतील एकच तपशील आम्हांस तिच्या साऱ्या योजनांहून मोलाचा वाटतो. इंग्लंडातील यादवीत न्यूकॅसल बंदर राजपक्षाच्या हाती होते. पार्लमेंटने १६४३ साली तेथील कोळशाचा व्यापार रोखला आणि १६४४ साली स्कॉटिश फौजेने त्या शहराला वेढा घातला. लंडनला कोळसा मिळेना. एव्हलिन लिहितो की त्या वर्षी पुष्कळ भट्ट्या बंद पडल्या किंवा मंदावल्या, आणि स्ट्रँड व बार्बिकनसारख्या ऐन वस्तीतल्या बागांना फळांचा असा बहर आला की तसा त्यापूर्वी कधी आला नव्हता व नंतरही आला नाही. मोजण्याचे एकही उपकरण नसलेल्या काळात केलेला हा हवेचा प्रयोगच होय. प्रयोग करणाऱ्याने तो योजला नव्हता. वेढ्याने तो घडवून आणला आणि झाडांनी निकाल दिला. मात्र त्याच हिवाळ्यात लंडनचे गरीब लोक थंडीने काकडत होते आणि आसपासची झाडे सरपणासाठी तोडली जात होती. फळे आली ती मोठ्या सरदारांच्या बागांत. पुस्तिकेत दुसऱ्या बाजूचे वर्णन नाही. राजाने पुस्तिकेचे कौतुक केले आणि भट्ट्या जागच्या जागी राहिल्या.

यानंतरची तीनशे वर्षे आम्ही झरझर ओलांडतो. १८०१ च्या शिरगणतीत लंडन दहा लाखांच्या घरात पोहोचले, १९०१ साली बृहत् लंडन ६५ लाखांवर गेले, घरोघर कोळशाची शेगडी होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी धूर व धुके या दोन शब्दांचा मिळून स्मॉग हा नवा शब्द इंग्रजीत रूढ झाला. आपण त्यास धुरके म्हणतो. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत ते लंडनवर असे बसले की भर दुपारी माणसाला आपले पाऊल दिसेना. महायुद्धामुळे कर्जात बुडालेला इंग्लंड चांगला कोळसा परदेशी विकत होता आणि घरच्यांच्या वाट्याला हलका, धुरकट कोळसा येत होता. प्रथम ४,००० मृत्यू धरले गेले. नंतरच्या आठवड्यांतील वाढीव मृत्यू सरकारने इन्फ्लुएन्झाच्या माथी मारले. २००१ साली झालेल्या फेरमोजणीत हा आकडा १२,००० च्या आसपास निघाला. पुढे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि त्याने एव्हलिनने सोडून दिलेल्या घरगुती शेगडीलाच प्रथम हात घातला. अमुक वस्तीत धुराचा कोळसा जाळावयाचा नाही, आणि शेगडी बदलण्याचा खर्च बव्हंशी सरकार देईल, अशी त्याची रचना होती. कायद्याच्या यशाचे मर्म या दुसऱ्या भागात आहे असे आमचे मत आहे.

एव्हलिनच्या फळबागांसारखाच, पण मोजमापाचा, प्रसंग पुढे अमेरिकेच्या यूटा प्रांतात घडला. तेथील एका दरीतील पोलादाचा कारखाना मालक-कामगार तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद राहिला. हवेतील सूक्ष्म धूळ तर कमी झालीच. पण आर्डेन पोप या अभ्यासकाने रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा असे आढळले की कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा व श्वासनलिकादाहाने दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने होती. त्यापूर्वी कारखान्याच्या धुराने मुले आजारी पडतात असे म्हणणाऱ्यास पुरावा मागितला जाई. संपामुळे पुरावा आपोआप तयार झाला.

आपल्या देशात धुराविरुद्ध पहिली हालचाल इंग्रजांच्या राजधानीत, कलकत्त्यात झाली. १९०५ साली बंगालचा धूर-उपद्रव कायदा झाला आणि १९१२ साली त्याच धर्तीवर मुंबईचा. दोन्ही कायद्यांचा रोख धुराड्यांवर होता. लाखो चुली व शेगड्या त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. मुंबईत मात्र कायद्याहून प्रभावी अशी एक गोष्ट घडली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीचा घाट घातल्यापासून साठ वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली होती आणि प्रत्येकीला कोळशाचे बाष्पयंत्र व उंच धुराडे होते. सह्याद्रीवर पडणारे पावसाचे पाणी अडवून वीज करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना त्यांच्या पश्चात साकार झाली. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी घाट उतरून खोपोलीला आले आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची आगगाडी धावली. धुराडी एकाएकी नाहीशी झाली नाहीत, पण एकेक बाष्पयंत्र विसावत गेले. हे सारे कोणत्याही युद्धावाचून, साथीवाचून घडले. म्हणून आम्ही त्यास या इतिहासातील अपवाद म्हणणार होतो.

परंतु मुळशीचे काय? त्याच वीजयोजनेच्या पुढच्या टप्प्यासाठी मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यापायी दीर्घ कारावास भोगला. धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईला वीज गेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळकरी पुस्तकांत सेनापती बापट होते आणि मुंबईच्या औद्योगिक प्रगतीचा धडाही होता. हे दोन धडे एकाच घटनेचे आहेत हे मात्र आम्हांस कोणी सांगितले नव्हते. मोठ्या शहराची हवा शांततेच्या काळी निवळली तरी तिचे देणे कोणी तरी, कुठल्या तरी खोऱ्यात फेडीत असतो.

आता पुन्हा दिल्लीकडे. १९०१ साली दिल्लीची वस्ती चार लाखांच्या थोडी वर होती. १९४१ साली ९ लाख १८ हजार. आणि १९५१ साली १७ लाख ४४ हजार. मधल्या दशकात फाळणी झाली. संकटे नेहमी आकाश मोकळेच करतात असे नाही, याचे हे उदाहरण आहे. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या, घरोघर कोळशाची अंगीठी पेटू लागली, आणि चार-पाच वर्षांत शहराचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. एकीकडे लाहोर-मुलतानच्या चुली विझल्या आणि दुसरीकडे दिल्लीत पेटल्या. त्यानंतर रोजगाराने ओढलेली माणसे आली. आपणही त्यांपैकीच. आपल्यासारख्या बदलीच्या लोकांनी या शहराच्या हवेविषयी बोलताना प्रथमपुरुषी अनेकवचन वापरावे हे बरे. १९७१ साली ४० लाख, २०११ साली १ कोटी ६८ लाख. बदरपूरचे औष्णिक केंद्र १९७३ साली सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. म्हणजे आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांपैकी बहुतेक काळ ते शहराच्या आग्नेयेस धूर सोडीत होते.

दिल्लीतही युक्तिवाद पुष्कळ झाले. १९८१ साली हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला. १९८५ साली महेशचंद्र मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, जुलै १९९८ मध्ये न्यायालयाने बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २००२ च्या अखेरीस तो अमलात आला. बसथांब्यांवर मैलोगणती लांबलेल्या रांगा आणि वायू भरण्यासाठी रात्र रात्र उभे असलेले रिक्षावाले आम्हांस स्मरतात. काळा धूर कमी झाला हे निर्विवाद. पण मोटारींची संख्या वाढतच गेली आणि काही वर्षांत लाभ झाकोळला. इकडे पंजाबात निराळेच घडत होते. भूजल वाचविण्यासाठी २००९ साली तेथे कायदा झाला आणि भाताची लावणी १० जूनपूर्वी करण्यास बंदी आली. हेतू उत्तम होता. परंतु लावणी लांबली, कापणी लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करावयास जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि यंत्राने कापलेल्या भाताची धसकटे जाळण्याचा हंगाम नेमका झाकण बसण्याच्या दिवसांवर येऊन पडला. पाणी वाचविणाऱ्या कायद्याने हवा बिघडविली. सरकारी नोकरीत असली उदाहरणे आम्ही इतकी पाहिली आहेत की त्यात दुष्ट हेतू शोधण्याची आमची सवय केव्हाच सुटली.

आणि मग २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. मोटारी, विमाने, कारखाने, बांधकामे एकदम थांबली. एप्रिलच्या आरंभी जालंधरच्या लोकांना आपल्या गच्चीवरून धौलाधारची हिमशिखरे दिसली. ती तेथून दिसू शकतात हेच एका संबंध पिढीला ठाऊक नव्हते. दिल्लीत यमुनेकाठी संध्याकाळी दूरवरचे दिवे लुकलुकताना दिसत. लोक आनंदले, आणि त्यांच्या आनंदाला आम्ही नावे ठेवीत नाही. कोंडलेल्या माणसाला आकाश हेच एक उरले होते. पण त्याच दिवसांत आनंदविहारच्या बसतळावर घरी जाण्यासाठी हजारो मजुरांची झुंबड उडाली होती, आणि ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ, चालून थकल्यामुळे रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. १३४९ आणि १६४४ या वर्षांच्या रांगेत हे वर्षही बसते.

साक्ष म्हणून मात्र त्या दिवसांनी जे सांगितले ते अनपेक्षित होते, आणि या लेखाचा सारा खटाटोप तेवढे सांगण्यासाठीच आहे. सर्व काही बंद असता दिल्लीच्या हवेतील सूक्ष्म कण सुमारे निम्म्यावर आले. निम्म्यावर, शून्यावर नव्हे. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून अधिकच राहिले. काही ठिकाणी ओझोन वायू तर कमी होण्याऐवजी वाढला. मोटारी उभ्या होत्या, फटाके नव्हते, धसकटे जाळण्याचा हंगाम नव्हता, बांधकामे ठप्प होती, तरीही निम्मा धूर होता. मग तो कोणाचा? वीजकेंद्रे चालू होती. लक्षावधी घरांतील लाकूड-गोवऱ्यांच्या चुली पेटत होत्या. टाळेबंदीत चूल थांबत नाही. कोरड्या जमिनीची धूळ होती. आणि यांपैकी बराचसा भाग दिल्लीच्या हद्दीत जन्मलेलाच नव्हता.

वस्तीच्या आकाराचा जो ढोबळ हिशेब आम्ही आरंभी मांडला, तो येथे वेगळ्या रीतीने लागू पडतो. त्यात आम्ही शहराची कड गृहीत धरली होती. वारा एका कडेने स्वच्छ येतो असे मानले होते. अमृतसरपासून कलकत्त्यापर्यंतच्या गंगेच्या मैदानाला अशी कडच उरलेली नाही. उत्तरेस हिमालयाची भिंत आहे, तिच्या पायथ्याशी चाळीस कोटींहून अधिक माणसे राहतात, आणि हिवाळ्यात वायव्येकडून येणारा मंद वारा एका गावाचा धूर दुसऱ्या गावावर नेऊन ठेवतो. हवेच्या दृष्टीने ही एकच वस्ती झाली आहे आणि दिल्ली हा तिचा एक मोहल्ला आहे. कानपूर, पाटणा, वाराणसी येथील मराठी मंडळांतील स्नेह्यांना हे आम्ही सांगावयास नकोच. त्यांच्या खिडक्यांवर तीच काजळी बसते. या वस्तीला एक महापालिका नाही, एक मुख्यमंत्री नाही. एनसीआर आणि लगतच्या प्रदेशांसाठी हवेच्या गुणवत्तेचा केंद्रीय आयोग २०२० च्या ऑक्टोबरात वटहुकुमाने व पुढे २०२१ च्या कायद्याने स्थापन झाला खरा, परंतु त्याचेही कार्यक्षेत्र दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान व उत्तर प्रदेश यांपुरते आहे. पाटण्याचा धूर त्यात येत नाही.

एक गोष्ट मात्र पूर्वीच्या कोणत्याही निरभ्र काळात नव्हती ती या वेळी होती. एव्हलिनपाशी फळांची हकीकत तेवढी होती. २०२० साली दिल्लीत मोजणीची अनेक केंद्रे रात्रंदिवस चालू होती आणि त्या नोंदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा आहेत. त्या कोणासही पाहता येतात. आपल्या मंडळातील जी मुले आज विज्ञानाच्या वर्गात आहेत, त्यांपैकी कोणी त्या वर्षीच्या मार्च ते मे या तीन महिन्यांचे आकडे आपापल्या वसाहतीजवळच्या केंद्राचे म्हणून काढले आणि त्यांशेजारी २०१९ व २०२१ चे मांडले, तर पुढच्या स्मरणिकेत छापण्याजोगा मजकूर होईल. आनंदविहार व रामकृष्णपुरम् या दोन केंद्रांपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो.